शहराच्या डोक्यावरची परात

माझी मावशी पुण्यात विमाननगरला राहते. तिच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून एक लोखंडी खांब आहे आणि खांबाच्या टोकाला तांबडा दिवा. अंधार पडला की तो लागतो आणि उजाडेपर्यंत जळत राहतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो मोबाइलच्या टॉवरचा वाटला.

"नाही रे," मावशी म्हणाली, "तो विमानवाल्यांसाठी आहे. इथपर्यंत आमचं घर, याच्यावर तुमचं, असं सांगायला."

मावशीने किती नेमकं सांगितलं होतं, हे मला फार नंतर कळलं. त्या दिव्याच्या वर खरोखरच एक हद्द आहे. तिला दगड नाही, कुंपण नाही, पण मीटर-सेंटिमीटरपर्यंत मोजलेली आहे. जगातल्या प्रत्येक मोठ्या विमानतळाभोवती ती असते. विमानतळांच्या नियमांमध्ये तिचा आकार दिलेला आहे आणि तो आकार आपल्या स्वयंपाकघरातल्या परातीचा आहे.

डोळ्यांसमोर आणून बघा. धावपट्टीच्या चारी बाजूंना सुमारे ४ किलोमीटरपर्यंत, जमिनीपासून ४५ मीटर उंचीवर परातीचा सपाट तळ तरंगतो आहे. तिथून पुढे काठ सुरू होतो. २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा तो चढत जातो आणि २ किलोमीटरमध्ये आणखी १०० मीटर उंची गाठतो. या परातीच्या आत विमानं फिरणार, वळणार, उतरणार. माणसांनी राहायचं ते तिच्या खाली. इमारतीचा कुठलाही भाग परातीला भोक पाडून वर जाता कामा नये. कुठलाही म्हणजे कुठलाही. टाकी, लिफ्टची खोली, विजेपासून वाचवणारी सळई, सगळं मोजणीत येतं. बांधकामाच्या धंद्यातली माणसं ज्याला 'हाइट एनओसी' म्हणतात, ते म्हणजे या परातीला आपलं घर टेकत नाही याचा दाखला.

आता यातली गंमत. परातीचा तळ मोजायचा तो धावपट्टीच्या उंचीवरून, आपल्या अंगणापासून नाही. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर आहे. म्हणजे परातीचा तळ आला ६३७ मीटरवर. तुमचा प्लॉट विमानतळाच्याच पातळीला असेल तर हाती ४५ मीटर, मजल्याला ३ मीटर धरले तर पंधरा मजले. पण समजा जमीन नदीच्या बाजूला उतरत गेली आणि तुमचा पाया ५५० मीटरवर आला, तर तीच परात तुमच्या डोक्यावर ८७ मीटर उंच आहे. एकदम चौदा मजले जास्त! मुळा-मुठेच्या काठाने खराडीकडे जाताना इमारती उंच होत गेलेल्या दिसतात, त्याला जमिनीचा भाव आणि आयटी कंपन्या ही कारणं आहेतच. पण नदीने हजारो वर्षं खोरं कोरून ठेवलं आणि त्या खोलीचे आज मजले झाले, हेही एक कारण आहे. नदीने खाली जे खोदलं ते माणसाने वर वापरलं. मला हा हिशेब कळला त्या दिवशी मी बराच वेळ नदीकडे बघत बसलो होतो.

परातीला दोन बाजूंनी पन्हळ पाडलेली आहे, धावपट्टीच्या दोन टोकांना. विमान याच पन्हळीतून घरंगळत खाली येतं. इथे नियम फार कडक होतो. टोकापासून ६० मीटर सोडायचे आणि मग ५० मीटर लांब गेल्यावर जेमतेम १ मीटर उंची मिळते. म्हणजे १ किलोमीटरवर, अगदी विमानाच्या वाटेखाली तुमची जागा असेल, तर जेमतेम १९ मीटर. उतरणारं विमान तीन अंशांच्या उताराने येतं, दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली. धावपट्टीच्या तोंडाशी ते १५ मीटरवर असावं लागतं. म्हणजे १ किलोमीटर अलीकडे ते असतं ६७ मीटरवर. छत आणि चाकं यांच्यामध्ये पन्नास मीटरही नाहीत, आणि त्या जागेतून दीडशे-पावणेदोनशे माणसं खुर्चीचे पट्टे बांधून रोज सुखरूप जातात. पायलटला हा उतार कळतो तो धावपट्टीच्या कडेला एका ओळीत लावलेल्या चार दिव्यांवरून. दोन पांढरे, दोन तांबडे दिसले की उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही तांबडे म्हणजे धोकादायक खाली. दिवे बदलत नाहीत. त्यांच्या भिंगाचा वरचा भाग पांढरा आणि खालचा तांबडा प्रकाश फेकतो, इतकंच. बघणाऱ्याची उंची बदलली की रंग बदलतो.

ही पन्हळ कुठल्या दिशेला पडणार हे ठरवतो वारा. लोहगावच्या धावपट्टीच्या एका टोकावर १० आकडा रंगवलेला आहे, दुसऱ्या टोकावर २८. त्यांच्यापुढे एकेक शून्य ठेवा: होकायंत्राचे १०० अंश आणि २८० अंश. साधारण पूर्व आणि साधारण पश्चिम. विमानाला उडायला आणि उतरायला वारा समोरून हवा असतो. पतंग उडवणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर विमान जागचं हललेलंही नसताना पंखांना तेवढा वेग फुकटात मिळालेला असतो. आपल्याकडे पावसाळ्याचे वारे पश्चिमेचे, म्हणून पट्टी पूर्व-पश्चिम. पट्टी पूर्व-पश्चिम म्हणून पन्हळ एकीकडे वाघोलीच्या अंगाला आणि दुसरीकडे धानोरी-कळसच्या अंगाला. अरबी समुद्रावरून सह्याद्री चढून येणाऱ्या वाऱ्याने धानोरीतल्या एखाद्या सोसायटीचे मजले ठरवले आहेत, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

हा हवाई तळ आला १९३९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिशांच्या हवाई दलाने लोहगावची जागा निवडली ती मोकळी आणि शहरापासून दूर म्हणून. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. ज्यांना न्यायला वैकुंठाहून विमान आलं असं महाराष्ट्र पिढ्यानपिढ्या सांगत आला, त्यांच्या आईच्या गावात खरी विमानं उतरू लागली, या योगायोगाने मला दर वेळी भरून येतं. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये या विमानतळाला जगद्गुरू संतश्रेष्ठ तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा लोहगावकरांना काय वाटलं असेल!

शहर मग चालत चालत त्या मोकळ्या माळावर पोचलं. २०१७ मध्ये लोहगावचा उरलासुरला भाग महापालिकेत आला, २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं आली आणि महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. विमाननगरचं तर नावच विमानावरून पडलेलं. तळ मात्र आजही हवाई दलाचाच. सुखोई इथूनच उडतात, विमानांना वाट दाखवणारा मनोराही हवाई दलच चालवतं आणि प्रवासी विमानं त्यांच्या वेळा सांभाळून येतात-जातात. मावशीला आवाजावरून फरक कळतो. पोळी लाटता लाटता म्हणते, "हे आपलं नाही, हे सुखोई." आणि ते सुखोईच असतं.

आता उन्हाळ्यातली दुपार घ्या. गरम हवा विरळ असते, उंचावरची हवाही विरळ असते आणि विरळ हवा पंखांना कमी पेलते. म्हणून धावपट्टी आखताना एक ढोबळ हिशेब करतात: दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्क्यांनी वाढवा आणि त्या उंचीवर प्रमाण मानलेल्या तापमानापेक्षा हवा जेवढे अंश जास्त गरम, तेवढे टक्के आणखी वाढवा. समुद्रकाठी थंड हवेत एखाद्या विमानाला २,००० मीटर पुरत असतील, तर ५९२ मीटर उंचीमुळे लोहगावला ते २,२७५च्या आसपास जातात. प्रमाण तापमान या उंचीवर ११ अंशांच्या आसपास. दुपार ३६ अंशांची असेल तर आणखी पाव भाग, म्हणजे जवळजवळ २,८५०. लोहगावची पट्टी आहे २,५३५ मीटर. अशा विमानाला मग वजन उतरवावं लागतं, माणसं कमी किंवा इंधन कमी. दख्खनच्या पठारावरच्या शहराला दूरदेशी थेट उडणं अवघड का पडतं, याचं बरंचसं उत्तर या गरम दुपारीत आहे.

आणि तरी गरज वाट काढते. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे ते फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली, आणि तीही छोट्या विमानाने. देशांतर्गत उड्डाणांत ज्या जातीची विमानं गच्च भरून जातात, तसंच एक, पण आत मोजक्याच खुर्च्या आणि सगळ्या बिझनेस क्लासच्या. माणसं कमी, म्हणून वजन कमी, म्हणून पल्ला लांब. त्या खुर्च्या भरायला माणसं कुठून येणार होती? पिंपरी-चाकणमधून. मर्सिडीजचा कारखाना १९९० च्या दशकापासून इथे होता आणि चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. साच्यात मिलिमीटरचा फरक आला, तर जर्मन इंजिनिअर संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी कारखान्यात उभा हवा. शहराला विमानसेवा लागते म्हणजे नेमकं काय लागतं, हे मला या एका विमानावरून समजलं. लागतात ते वाचलेले दिवस.

आज वर्षाला एक कोटीच्या आसपास प्रवासी लोहगावहून ये-जा करतात. नवी टर्मिनल इमारत जुलै २०२४ मध्ये वापरात आली, प्रशस्त आणि देखणी. पण टर्मिनल कितीही वाढवलं तरी पट्टी एकच, आणि तिच्यावर एका वेळी एकच विमान. ऑक्टोबर २०२१ मध्ये या पट्टीचा थर नव्याने घालायचा होता तेव्हा १६ ते २९ तारखेपर्यंत, चौदा दिवस, विमानतळ पूर्ण बंद राहिला. मावशी सांगते, त्या दिवसांत तिला पहाटे जाग यायची, ती आवाज झाला नाही म्हणून. गच्चीवर खारूताई आणि बुलबुल ऐकू यायचे. तांबडा दिवा मात्र रोज लागत होता.

दुसरी पट्टी लोहगावात मावत नाही. म्हणून नवा विमानतळ पुरंदरला, दिवे घाटाच्या वर, करायचं ठरलं आहे. पारगाव, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, खानवडी अशी सात गावं त्यात येतात. जमीन द्यायला तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे आणि त्यांचं दुःख मला पुणेकर म्हणून परकं वाटत नाही, कारण हा पट्टा अंजिरांचा आणि सीताफळांचा आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अंजीर झाडावर पिकलं की थांबत नाही. पहाटे तोडायचं, पानं घालून पाटीत अलगद रचायचं आणि त्याच दिवशी बाजारात पोचवायचं. दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतं, तिसऱ्या दिवशी आंबतं. पहाटे तोडलेलं अंजीर संध्याकाळी आखातातल्या बाजारात पोचवू शकेल असं एकच वाहन आहे, आणि ते उतरायला जागा हवी ती नेमकी या बागांच्याच अंगाला. तिथल्या आभाळातली परात अजून कागदावर आहे. खाली या हंगामातही अंजिरं पिकतील, आणि पहाटे पाट्या भरल्या जातील.