कडेगावच्या मेलातली पखाल

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमचे ताबूत वरून खाली बांधत आणतात. आधी कळस तयार होतो. मग तो उचलून धरायचा, त्याच्याखाली कळकाच्या कामट्यांचा अष्टकोनी मजला जोडायचा, की पुन्हा सगळं वर उचलायचं. असे मजले वाढत वाढत शंभर फुटांच्या वर जातात. मोहरमच्या आधी हे काम पाहायला गेलो, तरी माझा निम्मा वेळ मेलाच्या तालमीत जातो. मेल म्हणजे ताबुतांच्या भेटीच्या वेळी गाणाऱ्यांचा संच. तिथं पद बांधायची रीतही ताबुतासारखीच दिसली. ध्रुपद आधी. ते मागं झील धरणाऱ्यांच्या तोंडात बसलं, पायांनी ठेका पकडला, की मग त्याच्याखाली एकेक कडवं.

पदांची कथा करबलाची. हिजरी 61, म्हणजे इ.स. 680. मोहरमच्या दहाव्या तारखेला इमाम हुसेन मोजक्या साथीदारांसह यझीदच्या फौजेपुढं उभे राहिले आणि मारले गेले. त्याआधी फौजेनं युफ्रेटिसचं, म्हणजे फुरात नदीचं पाणी त्यांच्यासाठी अडवलं होतं. हुसेनांचा भाऊ अब्बास पखाल घेऊन नदीवर गेला, पाणी भरूनही घेतलं, पण परत येऊ शकला नाही. तंबूत हुसेनांचं तान्हं बाळ अली असगर तहानेनं व्याकूळ होतं.

एवढी मोठी कथा दहा-बारा ओळींत मावत नाही. म्हणून रचणारा एखादी वस्तू निवडतो. मी ऐकलेल्या तालमीत ती पखाल होती. पहिल्या कडव्यात ती नुसती कातड्याची पखाल: खांद्यावर टाकलेली, रिकामी. मग ध्रुपद आलं. दुसऱ्या कडव्यात ती भरली, बाण लागला, पाणी वाळूत गेलं. पुन्हा तेच ध्रुपद, तेच शब्द. पण आता ऐकताना अंगावर काटा आला. शब्द बदलले नव्हते, मधल्या कडव्यानं त्यांचं वजन बदललं होतं. ध्रुपदाला लोक पुनरावृत्ती म्हणतात, मला ते पटत नाही. चांगल्या पदात ते प्रत्येक फेरीला वेगळी गोष्ट सांगतं. पखालीच्या या पदात ‘दुःख’ हा शब्द एकदाही आला नव्हता. तो ऐकणाऱ्यांच्या मनात तयार होत होता.

आणि ऐकणारे कोण? पर्जन्यछायेतल्या तालुक्यातली माणसं. टेंभू सिंचन योजनेचं पाणी शिवारात येण्याआधी ज्यांनी टँकरची वाट पाहिली, जनावरं चारा-छावणीला नेली, त्यांना फुरात नदी नकाशावर दाखवावी लागत नाही. अडवलेलं पाणी आणि सांडलेली पखाल म्हणजे काय, ते त्यांना कळतं. इराकातलं प्रतीक इथल्या मातीत रुजलं ते या अनुभवामुळं. हिंदू घरांचेही ताबूत इथं मानानं उठतात आणि मेलात सगळ्या जातींचे गळे एकत्र लागतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. तो भर उन्हाळ्यात आला, की पखालीची हीच ओळ वेगळी लागते आणि पावसात आला, की वेगळी. एवढ्या बारकाईनं ऋतू ज्याच्या अर्थात शिरतो, असं दुसरं काव्य माझ्या तरी ऐकण्यात नाही.

या भागातल्या शाहिरांना वस्तूच्या आडून बोलण्याची ताकद फार आधीपासून ठाऊक आहे. वाटेगाव इथून लांब नाही. तिथल्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड ऐकायला बसावं, तर आधी पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाची आणि गावी राहिलेल्या त्याच्या बायकोची ती कथा वाटते. रूपाचं वर्णन, दागिने, निरोप, सगळं लावणीच्या घाटात. ऐकणारा त्या ताटातुटीत पुरता गुंतल्यावर मैनेचा अर्थ उलगडतो: संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख. ‘सीमाभाग’ हा शब्द घेऊन सुरुवात केली असती, तर ते भाषण झालं असतं. घरदार सोडलेल्या गिरणी कामगाराला आपल्या बायकोच्या चेहऱ्यातून नकाशा दाखवणं हे फार मोठ्या कवीचं काम आहे. कडेगाव-विट्याकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. त्यांच्या घरी ही मैना आजही परकी नाही.

पखालीचं पद ऐकलं त्या दिवशी तालमीत एका तरुणानं शेवटचं कडवं नवीन आणलं होतं. पखाल म्हणजे माणुसकी, तिला भेदणारा बाण म्हणजे द्वेष, आपण सारे एक होऊया, असा त्याचा आशय. पोरगा मनापासून लिहून आला होता, आवाजही चांगला. झील धरणाऱ्या म्हाताऱ्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि थांबले.

‘‘चाचा, चालीत बसत नाही का?’’ पोरानं विचारलं.

चालीत बसत होतं. हे त्याआधीच्या कडव्यात येऊन गेलंय, एवढंच ते म्हणाले. पोरानं बराच वेळ वाद घातला: लहान मुलांना कसं कळणार, बाहेरगावच्या पाहुण्यांना कसं कळणार? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या, पण माझा कौल म्हाताऱ्यांकडं होता. शेवटी कडवं राहिलं, मात्र त्यातली माणुसकी आणि द्वेष दोन्ही गेले. त्यांच्या जागी पोरानं तंबूच्या दारात पाण्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली हुसेनांची लहानगी लेक सकीना घातली. मग झील धरणाऱ्यांनी ते दुसऱ्यांदा म्हटलं, आणि या वेळी कोणी मध्येच थांबलं नाही.