उन्हात काळवंडलेला पडदा

एप्रिलच्या दुपारी नेवाशात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅल्क्युलेटर विसरला, तर कधीकधी परत येईपर्यंत त्याचा अख्खा पडदा काळा झालेला असतो. बॅटरीचा यात काही दोष नाही. पडद्यातला द्रवस्फटिक तेवढ्यापुरता नुसता द्रव झालेला असतो.

द्रवस्फटिक समजायला गळीत हंगामातली उसाची ट्रॉली पुरते. ऊस सगळा एका दिशेने आडवा, पण शेंडे-बुडखे मागेपुढे. काडीसारखे लांबट रेणू असे एका दिशेने राहूनही वाहत असले, तर ती ‘नेमॅटिक’ अवस्था. ट्रॉली उलटली की ऊस कसाही पडतो. उष्णता रेणूंचं तेच करते.

१८८८ साली प्रागमध्ये रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट तापवत होता. ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ झालं आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! मधला तो गढूळ द्रव म्हणजेच द्रवस्फटिक. पण एवढ्या तापमानाचा पदार्थ घड्याळाच्या पडद्यात घालून मनगटावर कोण बांधणार?

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच घडवायला घेतले. रेणू जितका लांब आणि सरळ, तितका तो उष्णतेत शिस्त धरतो. मध्ये वाक आला की शिस्त मोडते. सुरुवातीचे बरेच रेणू कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले होते. हवेतल्या बाष्पाने तो बंध तुटायचा. इंग्लंडातल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७२च्या सुमारास हा दुवाच काढून टाकला आणि बेंझिनची दोन वलयं थेट जोडली. एका टोकाला सायनो गट, दुसऱ्या टोकाला पाच कार्बनची शेपटी. हा रेणू टिकाऊ निघाला, मात्र ३५ अंशांवर त्याचा नेमॅटिकपणा संपतो. म्हणजे आपल्याकडे मार्चमध्येच संपला. शेपटीचा खेळ तर गमतीदार आहे: सहा कार्बन केले की हा बिंदू २९ वर उतरतो, सात केले की जवळजवळ ४३ वर चढतो. सम-विषमाचा असा हिशेब निसर्ग ठेवतो, याचं मला अजून नवल वाटतं.

तोडगा पॉट आइस्क्रीमवाल्यांना ठाऊक असलेलाच होता. बर्फात मीठ घातलं की तो शून्याखालीही वितळतो. तसेच चार रेणू मिसळून ‘ई-७’ हे मिश्रण झालं. त्यातला तीन वलयांचा रेणू एकटा सुमारे २४० अंशांपर्यंत तग धरतो. मिश्रण उणे १० ते ६० अंशांच्या आसपास नेमॅटिक राहतं.

काडीशिवाय चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक होतात, हे १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी.

तेव्हा कॅल्क्युलेटर काळा पडला म्हणून लगेच टाकून देऊ नका. सावलीत ठेवा. रेणू तुटले नसतील, तर निवल्यावर ते पुन्हा रांगेत येतात आणि आकडे दिसू लागतात.