स्मर्नाच्या डोंगरातून कोल्सबर्नच्या बागेत

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या कोल्सबर्न पार्कमध्ये फेब्रुवारीत झाडं निष्पर्ण असतात, पण त्यांच्याखालची जमीन स्नोड्रॉपच्या फुलांनी पांढरी झालेली असते. मधूनमधून विंटर अ‍ॅकोनाइटचा पिवळा आणि सायक्लेमेनचा गुलाबी रंग. तळ्याचं पाणी निळं दिसतं, ते त्यात तरंगणाऱ्या चिकणमातीच्या सूक्ष्म कणांमुळे.

स्नोड्रॉप ही इंग्रजी हिवाळ्याची ओळख. तरी बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हे फूल मूळचं ब्रिटनचं नाही. सोळाव्या शतकाअखेर ते तिथल्या बागांमध्ये होतं. रानात उगवल्याच्या नोंदी मात्र थेट अठराव्या शतकातल्या.

कोल्सबर्नच्या वैभवामागे आहेत हेन्री जॉन एल्विस (१८४६–१९२२). पक्षी, फुलपाखरं, लिली, वृक्ष, काहीच त्यांना वर्ज्य नव्हतं. १८७० मध्ये ते सिक्कीम फिरून आले. १८७४ मध्ये स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमिरजवळच्या डोंगरांत त्यांना मोठ्या फुलांचा स्नोड्रॉप आढळला. पुढे त्या जातीला त्यांचंच नाव मिळालं: गॅलँथस एल्विसी.

फूल हातात घेऊन पाहावं. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या, शुभ्र. आतल्या तीन आखूड, टोकाशी हिरवा ठिपका. एल्विसीत बऱ्याचदा बुडाशीही हिरवा डाग असतो. मान खाली घातल्यामुळे पराग पाऊस-बर्फापासून कोरडे राहतात. ऊन पडून हवा जरा उबदार झाली की बाहेरच्या पाकळ्या फाकतात आणि मधमाश्यांना वाट मिळते. पानांची टोकं टणक असतात, गोठलेली माती फोडून वर येण्याजोगी. बियांना चिकटलेल्या स्निग्ध गराच्या लोभाने मुंग्या त्या वाहून नेतात.

बागेत मात्र मुख्य काम कंदांचं. फुलं सरली की पानं हिरवी असतानाच गड्डे उपसायचे, सुटे करायचे आणि लगेच लावायचे. नव्या वाणाच्या एका कंदापासून विकण्याइतके कंद व्हायला वर्षं जातात. म्हणून किंमत चढते. २०२२ मध्ये ‘गोल्डन टीअर्स’ या वाणाचा एकच कंद ऑनलाइन लिलावात १,८५० पौंडांना गेला.

स्वस्त कंदांचा इतिहास वेगळा. तुर्कस्तानच्या डोंगरांतून ते लाखोंनी खणून युरोपच्या बाजारात गेले. १९९० पासून गॅलँथसच्या सर्व जाती वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. एल्विस यांच्या काळी असला निर्बंध नव्हता. आज कोल्सबर्नसारख्या बागा आपल्याच मातीत वाढवलेले कंद विकतात. असा प्रत्येक कंद डोंगरातून उपटलेल्या कंदाला पर्याय ठरतो. एका लिलावाच्या बातमीपेक्षा दरवर्षी सुटे होणारे हे गड्डे त्या डोंगरांच्या जास्त उपयोगाचे आहेत.