ही गोळी कुणाची?

समजा, कुणी तुमच्या तळहातावर शिशाची एक चपटी, वेडीवाकडी गोळी ठेवली आणि विचारलं, "सांग बघू, ही कुणाच्या बंदुकीतून सुटली?" गोळीवर नाव नाही, खूण नाही. वर जवळजवळ अडीचशे वर्षं ती मातीत पडून होती. तरीही उत्तर शोधता येतं! कसं ते बघायला आपल्याला अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या मॉन्मथच्या रणभूमीवर जावं लागेल.

आज तिथे सरकारी उद्यान आहे. शेतं, फळबागा, चालायला मोकळ्या वाटा. पण 28 जून 1778 या दिवशी तिथे तोफा धडाडत होत्या. अमेरिकेतल्या 13 वसाहती तेव्हा इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होत्या. फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या इंग्रज सैन्याला जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने इथे गाठलं. ऊन इतकं भयंकर होतं की कित्येक सैनिक गोळीने नाही, तर उष्माघाताने मेले. इंग्रजांच्या सेनापतींमध्ये एक होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. हो, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला तोच! पुढे तो भारतात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि 1792 मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणला त्याने वेढा घातला, तेव्हा हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्या जोडीला होती.

आता गोळीकडे येऊ. मॉन्मथच्या मातीत शोध घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका संस्थेला सगळे 'ब्राव्हो' म्हणतात. नफ्यासाठी नाही, तर इतिहासाच्या ओढीने ही माणसं रणभूमीवर राबतात. त्यांचं हत्यार म्हणजे मेटल डिटेक्टर. लांब दांडा आणि खाली तारेचं गोल वेटोळं. वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारी वीज वाहते आणि आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मातीत धातू असला, की त्याच्यातही बारीकशी वीज खेळू लागते. यंत्राला ती जाणवते आणि 'टूंऽऽ' असा आवाज येतो!

गोळी सापडली, पण ती तर चेपलेली. मग तिची मूळ जाडी कशी मोजायची? ब्राव्होच्या डॅन सिव्हिलिच यांनी यावर एक सुरेख युक्ती काढली. कणकेचा गोळा लाटून पोळी केली, तरी कणकेचं वजन बदलतं का? नाही ना! गोळीचंही तसंच. वजन केलं की तिच्यात शिसं किती ते कळतं आणि तेवढ्या शिशाचा गोल केला तर तो किती जाड होईल, हे गणिताने काढता येतं. या सूत्राला त्यांचंच नाव मिळालं आहे.

इंग्रजांच्या 'ब्राउन बेस' बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर जाड, वजन सुमारे 30 ग्रॅम. अमेरिकन सैनिकांना फ्रान्सकडून मिळालेल्या बंदुकांची गोळी 16 मिलिमीटर, वजन 23 ग्रॅमच्या आसपास. फरक पकडता येण्याजोगा आहे. पण एवढ्यावर निकाल द्यायचा नाही हं! काही अमेरिकन सैनिकांकडे इंग्रजी बनावटीच्या बंदुकाही होत्या.

म्हणून मला या शोधातली सगळ्यात मोलाची गोष्ट गोळी वाटत नाही, तर ती जिथे पडली होती ती जागा वाटते. गोळी वर काढण्याआधी तिथे छोटं निशाण रोवतात, मोजमाप घेतात आणि नकाशावर ठिपका मांडतात. अजून गोलच असलेली गोळी बहुधा बंदूक भरताना घाईत हातातून निसटलेली, म्हणजे तिथे सैनिक उभा होता. चेपलेली गोळी कशावर तरी जाऊन आदळलेली. सोबत पलटणीच्या क्रमांकाचं बटण मिळालं तर फारच छान. असे पुष्कळ ठिपके जमले, की कोण कुठे उभं राहून कुणावर गोळ्या झाडत होतं, ते नकाशावर दिसू लागतं. आणि एखाद्या हौशी माणसाने गुपचूप गोळी उचलून खिशात टाकली, तर तो ठिपका कायमचा गेला. म्हणूनच परवानगीशिवाय तिथे कुणालाही असं खणता येत नाही.

'फ्रेंड्स ऑफ मॉन्मथ बॅटलफिल्ड' ही दुसरी संस्था लोकांना हा सगळा इतिहास समजावून सांगते. लढाईच्या वेळचं क्रेग कुटुंबाचं घर उद्यानात अजून उभं आहे. जून महिन्यात त्या काळचे कपडे घातलेली माणसं मैदानात लढाईचा देखावा उभा करतात, तोफाही डागतात.

आणि हो, काही गोळ्यांवर चक्क दातांचे ठसे असतात! जखमी सैनिक वेदना सोसताना गोळी दातांखाली धरत, असं पूर्वी सांगायचे. सिव्हिलिच यांनी ठसे नीट तपासले. काही माणसांचे निघाले खरे, पण पुष्कळशा गोळ्या डुकरांनी चावलेल्या होत्या. खाण्याच्या शोधात माती उकरताना डुकरांच्या तोंडात गोळी यायची. ती चघळायची, चव काही लागायची नाही, मग थुंकून टाकायची!