जुन्या मोटारीचा खडखडाट : निदान आणि खर्च

मोटारीच्या पोटाखालून ‘खडाक्’ असा आवाज प्रथम ऐकू येतो, तो बहुधा सारी मंडळी गाडीत बसलेली असताना. समजा, पुण्यातील एका गृहस्थांकडे २००८ साली घेतलेली मारुती ८०० आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीस जावयाचे घरात ठरले आहे, आणि आदल्या रविवारी गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या बाजूस ठोका पडतो. आई म्हणतात, “ही गाडी घाटात नेऊ नका.” चिरंजीव म्हणतात, “जुन्या गाडीला आवाज यायचाच.” गॅरेजमधील मिस्त्री गाडीला हातही न लावता सांगतो, “साहेब, पुढचे सगळेच काम काढावे लागेल; बारा हजार धरून चाला.” ह्या तिन्ही मतांत एक दोष समान आहे. आवाज कोठून येतो, हे तिघांपैकी कोणीच पाहिलेले नाही.

गाडीचा सांगाडा आणि चाके ह्यांच्यामध्ये स्प्रिंगा, आर्म, सांधे आणि रबरी बुश ह्यांची एक साखळी असते. धातूवर धातू आपटू नये म्हणून जागोजाग रबर घातलेले असते. हे रबर वापराने झिजते, त्याप्रमाणेच वयाने, उष्णतेने आणि तेलाच्या संसर्गाने कडक होऊन चिरते. म्हणून आठवड्यातून एकदाच बाहेर निघणारी, जपून वापरलेली गाडीही कालांतराने वाजू लागते. सांध्यात मोकळीक आली, की गाडीचा भार एका बाजूकडून दुसरीकडे जाताना तेवढे अंतर तो भाग झटक्याने ओलांडतो; तोच ठोका होय. यास्तव ठोका केव्हा पडतो, हा निदानाचा पहिला प्रश्न ठरतो.

परंतु त्याच्याही आधी डिकी रिकामी करावी. सैल पडलेला जॅक, चाकाचा पाना, नीट न आवळलेली स्टेपनी ह्यांनी कित्येक मालकांना गॅरेजची वाट दाखविली आहे. बॉनेट पक्के बसले आहे की नाही, हेही पाहावे. नुकतेच एखादे चाक काढून बसविले असेल, तर त्याचे नट सर्वांत आधी तपासावेत. नट सैल असतील तर ते आवळल्यावाचून गाडी पुढे नेऊ नये.

इतके झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर एक लहानशी फेरी मारावी, आणि शेजारी बसणाऱ्याने कागदावर टिपणे करावीत. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात एका बाजूस बोजड ठोका पडत असेल, तर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा शॉक अॅब्सॉर्बरची वरची बैठक ह्यांकडे संशय जातो. ब्रेक लावताक्षणी एकच ठोका, आणि मागे घेताना ब्रेक लावल्यास पुन्हा एक, असे घडल्यास आर्मचे बुश किंवा ब्रेकचे पॅड सैल असण्याचा संभव असतो. मारुतीसारख्या पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालविताना ‘कट्‌कट्’ असा आवाज आला, तर चाकाकडील अॅक्सलचा सांधा गेला, असे बहुधा समजावे. त्याचे रबरी आवरण फाटून ग्रीस बाहेर आलेले आढळते. पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडर ह्यांसारख्या, मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत क्लच सोडताच ठोका पडला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासावा. इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे त्याची रबरी बैठक, खचली असली तरीही अशाच वेळी धक्का बसतो. आणि गाडी जागेवर उभी असता केवळ इंजिनाचा वेग वाढविल्याने ठोके वाढत असतील, तर दोष चाकांकडे नाही. इंजिन बंद करून मिस्त्रीस बोलाविणे हेच शहाणपण.

ह्यानंतर हाताची परीक्षा. पुढचा कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक. ती दोनतीनदा झुलत राहिली तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाला आहे. मात्र ठोका ऐकताच शॉक अॅब्सॉर्बर बदलणे हा घाईचा उपाय आहे. पुष्कळदा तो भाग चांगला असून त्याची बैठक किंवा शेजारचा बुशच वाजत असतो. पुढे सपाट जागी, इतर चाकांना दगडांची अडण लावून चाक उचलावे. वरखाली धरून हलविल्यास खेळ जाणवला, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट; डावीउजवीकडे धरून जाणवला, तर टाय रॉडचे टोक. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर वरखालीचा खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, आणि तसाच राहिला तर संशय बॉल जॉइंटवर. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एक क्षणभरही, शिरू नये.

आता खर्चाचा प्रश्न. कामांचे तीन वर्ग करावेत. बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, ब्रेक आणि चाकाचे बेअरिंग हा पहिला वर्ग. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवे पडते आणि गाडी चालकाच्या हाती राहत नाही. येथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ. अॅक्सलचे फाटलेले आवरण दुसऱ्या वर्गात मोडते. ते वेळीच बदलले तर थोडक्यात भागते. धूळ आणि पाणी आत गेले, की सबंध सांधाच बदलावा लागतो. सायलेन्सरचे सैल रबर हा तिसरा वर्ग. तो त्रास देतो, पण थोडा थांबू शकतो.

मिस्त्रीकडून सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. बुश स्वतः स्वस्त असतो. तो काढून दाबून बसविण्याची मजुरीच अधिक असते. म्हणून एकदा आर्म उतरविला, की त्यावरील सर्वच जीर्ण रबर एकदम बदलणे परवडते. शॉक अॅब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत. काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करावी लागते. तिचा खर्च आधीच धरावा. काढलेले जुने भाग परत मागावेत. तेवढ्या एका मागणीने हिशेब पुष्कळ सरळ होतो.

दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची चाल आहे. ती अपुरी आहे. चाळीस हजारांच्या गाडीवर बारा हजार घालणे वरकरणी अव्यवहार्य दिसते. पण त्या बारा हजारांनी आणखी दोन वर्षे निर्वेध जात असतील, तर महिन्यास पाचशे रुपये पडतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि पुढे तपासणीनंतर तिचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्या मुदतीपैकी किती काळ हाती उरला आहे, हेही हिशेबात घ्यावे. मात्र जेथे आर्म किंवा स्प्रिंग सांगाड्यास जोडलेली असते, तेथील पत्राच गंजाने खाल्ला असेल, तर नवे भाग बसवून उपयोग नाही. अशा मोटारींना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. मुंबईच्या व कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या गाडीची ही परीक्षा सर्वांच्या आधी व्हावी.

पुण्याच्या त्या गृहस्थांनी अशी तपासणी केली, आणि डाव्या चाकाचा वरखालीचा खेळ ब्रेक दाबूनही राहिला, असे धरू. मग बारा हजारांचे सरसकट काम अनावश्यक ठरते. चिरंजीवांचा निष्काळजीपणाही चुकीचा ठरतो. बॉल जॉइंट, कित्येक गाड्यांत आर्मसकट, बदलावयाचा; इतर सांधे तपासून घ्यावयाचे; आणि ते होईपर्यंत पाचगणीचा बेत एक आठवडा पुढे ढकलावयाचा. घाटाविषयी आईंचे म्हणणे खरे होते. त्याला फक्त कारण जोडावयाचे राहिले होते.