न केलेल्या कर्जाचा तगादा

दूरध्वनी येतो तो बहुधा कामाच्या घाईत. बोलणारा स्वतःचे नाव धड सांगत नाही, कोणत्या संस्थेतर्फे बोलतो तेही नाही. रक्कम मात्र पैशांसह सांगतो. क्रेडिट कार्डावरील थकबाकी संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर माणसे घरी येतील. ऐकणाऱ्याने ते कार्ड चार वर्षांपूर्वीच बंद केलेले असते. कधी ते त्याने घेतलेलेच नसते. कधी त्याच्याकडे आलेला क्रमांक पूर्वी ज्याचा होता, त्याचे ते देणे असते. ‘हे कर्ज माझे नाही’ हे त्याचे वाक्य अर्धेच ऐकून घेतले जाते. ‘मग तसे सिद्ध करा’ हे उत्तर तयारच असते.

कायद्याचा क्रम नेमका याच्या उलट आहे. जो हक्क सांगतो त्यानेच तो शाबीत करावयाचा, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. दिवाणी न्यायालयात धनकोला हिशेब मांडावा लागतो, दावा मुदतीत आहे हे दाखवावे लागते. दूरध्वनीवरून चालणाऱ्या या न्यायालयात यांपैकी काहीच लागत नाही. शिवाय घडलेल्या गोष्टीचा पुरावा माणूस जपतो. न घडलेल्या गोष्टीचा कोण जपणार?

अशी चूक होते कशी, हे पाहण्यासारखे आहे. कार्ड गळ्यात मारताना पहिले वर्ष मोफत असल्याचे सांगितले जाते. दुसऱ्या वर्षी, समजा, पाचशे रुपये वार्षिक शुल्क लागते. ग्राहकाने कार्ड लिफाफ्यातून बाहेरही काढलेले नसते. घर बदललेले असते, बिले जुन्या पत्त्यावर जात असतात. त्या पाचशेंवर अठरा टक्के जीएसटी, मग विलंब शुल्क, त्या शुल्कावर पुन्हा कर आणि दरमहा तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मनाई केली. पण तोवर फुगलेल्या खात्यांचे काय? अशी खाती बँक काही काळाने वसुली संस्थेच्या स्वाधीन करते. वसुली करणाऱ्याच्या हाती जे येते ते खातेपुस्तक नव्हे, तर नाव, क्रमांक आणि रक्कम एवढी एक ओळ. ज्या राज्यात एकाच गल्लीत तीन संजय पाटील सापडतात, तेथे त्या ओळीवर कितपत विसंबावे हा प्रश्नच आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील खरी मेख निराळी आहे. वसुली करणाऱ्याला मोबदला मिळतो तो बहुधा वसूल झालेल्या रकमेच्या प्रमाणात. रक्कम खऱ्या ऋणकोने भरली की भलत्याच माणसाने, याने त्याच्या अडतीत फरक पडत नाही. चूक करणाऱ्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो ज्याने चूक केली नाही तो. चार हजारांच्या मागणीसाठी दहा फेऱ्या, पत्रे आणि घरातली अशांतता यांपेक्षा पैसे देऊन मोकळे व्हावे, असा हिशेब पुष्कळ शहाणी माणसे करतात. त्यावर ‘निम्मे भरा, तडजोड करू’ असे आमिष असतेच. आमिष वाईट आहे. अशा तडजोडीनंतर पतमाहिती संस्थेच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सिबिल’च्या, अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. आपले नसलेले देणे अंशतः भरणारा माणूस ते आपलेच होते असे जणू लिहून देत असतो.

नियम नाहीत असे नव्हे. ग्राहकाची तक्रार प्रलंबित असताना प्रकरण वसुली संस्थेकडे सोपवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बजावले. न मागता कार्ड देऊन आकारणी केली तर ती रद्द करून दुप्पट दंड द्यावा, वाद मिटण्यापूर्वी थकबाकीदार म्हणून नाव कळवू नये, हे २०२२ चे निर्देश. सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर तगादा नको, हेही त्याच वर्षी सांगितले गेले. पतअहवालातील चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असे २०२३ साली ठरले. (शंभर रुपयांत एक दिवसाची अब्रू, हा भाव कोणी काढला कोण जाणे.)

म्हणून चुकीची मागणी आलेल्याने वसुली करणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचे अधिकारपत्र मागावे, एक रुपयाही भरू नये आणि थेट बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवून मूळ अर्ज व सर्व बिलांच्या प्रती मागाव्यात. पोच जपावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

परंतु हे सारे बंधन आहे ते बँकेवर, आणि तेही लेखी तक्रार नोंदल्यानंतरचे. दूरध्वनीवर काकुळतीने सांगितलेले वाक्य तक्रार ठरत नाही. अमेरिकेने १९७७ साली कायदा केला तो वसुली करणाऱ्यालाच बांधणारा. देणे किती, कोणाचे, हे त्याने लेखी कळवावयाचे. तीस दिवसांत ऋणकोने लेखी हरकत घेतली की पडताळणी देईपर्यंत वसुली थांबवावयाची. तेथील तगादेदार त्यामुळे सज्जन झाले असे नाही, पण पहिले पाऊल कोणी टाकावयाचे हे तरी ठरले.

आणि अमेरिकेपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे हिसकावून रोखे जाळले. दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने सावकाराला पावती व वार्षिक हिशेब देणे भाग पाडले आणि न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावयास लावले. रोख्यावरचा आकडा म्हणजे देणे नव्हे, हे परक्या सरकारला तेव्हा पटले होते. आज सारा हिशेब संगणकात असताना, वसुलीसाठी दिलेल्या प्रत्येक नावासोबत तो मूळ व्यवहारापासून जोडण्याची सक्ती करणे अवघड नाही. ‘हे देणे माझे नाही’ या तोंडी वाक्यालाही तक्रारीचा क्रमांक मिळाला पाहिजे, आणि तिचा निकाल लागेपर्यंत त्या घरी दुसरा दूरध्वनी जाता कामा नये.