कायदा राजधानीचा, कचरा काउंटीचा

घरचे खरकटे, गोठ्यातला केर आणि झाडांचा पालापाचोळा उकिरड्यात टाकावा आणि मृगापूर्वी त्याचे खत शेतात न्यावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला मात्र हीच गोष्ट कायदा करून घडवावी लागत आहे. कायद्याच्या हेतूबद्दल तिथल्या ग्रामीण भागाची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती खर्चाची.

तिथली काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. राज्यात अशा ५८ काउंट्या आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले पाच सभासदांचे मंडळ कारभार पाहते. आपल्या जिल्हा परिषदेपेक्षा या मंडळाकडे कामे पुष्कळ जास्त, अगदी तुरुंगाचा खर्चसुद्धा. शहरांच्या हद्दीबाहेरच्या वाड्यावस्त्यांच्या कचऱ्याची जबाबदारीही याच मंडळावर येते.

पहिला मोठा कायदा १९८९ साली झाला. कचराभूमीकडे जाणारा कचरा १९९५ पर्यंत २५ टक्के आणि २००० पर्यंत ५० टक्के दुसरीकडे वळवावा, न जमल्यास दररोज १०,००० डॉलरपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद होती. पुढे २०१६ साली नवा कायदा आला. ओला कचरा मातीखाली दाबला की हवेअभावी कुजून मिथेन वायू सुटतो. आपल्या गोबर गॅसची शेगडी पेटते तोच हा वायू. शेगडीत तो उपयोगी, पण आकाशात गेला तर पृथ्वी तापवतो. त्या राज्यातील मिथेनचा सुमारे पाचवा हिस्सा कचराभूमीतून येतो. म्हणून कचराभूमीत जाणारा ओला कचरा २०१४ च्या मानाने २०२५ पर्यंत ७५ टक्क्यांनी कमी करावा, असे ठरले. १ जानेवारी २०२२ पासून नियम लागू झाले आणि ओला कचरा वेगळा गोळा करणे सर्वांवर बंधनकारक झाले.

आता हा एकच नियम दोन ठिकाणी लावून पाहा. २०२० च्या शिरगणतीत लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटी माणसे भरली, तर डोंगरातल्या अल्पाइन काउंटीत अवघी १,२०४. पहिल्या ठिकाणी एका गल्लीत गाडी भरते. दुसऱ्या ठिकाणी दहा घरांचा कचरा आणायला किती डिझेल जाळावे लागेल, हे दूध संकलनाची गाडी चालवणाऱ्या आपल्या कोणत्याही माणसाला विचारावे! शिवाय अस्वलांचा उपद्रव आहेच. खरकट्याचा डबा दारात ठेवला की वासावर अस्वल येते. म्हणून ४,५०० फूट, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वराइतक्या उंचीच्या पुढे खरकटे वेगळे न करण्याची सूट नियमातच ठेवावी लागली.

७०,००० पेक्षा कमी लोकवस्तीच्या काउंट्यांना २०२६ अखेरपर्यंत सवलत होती. ती २०२४ च्या कायद्याने २०३७ पर्यंत लांबवली. लोकसंख्या या आकड्याच्या वर गेली की मात्र ही सवलत नाही, मग निम्मी काउंटी डोंगरात का असेना. त्यांना विरळ वस्तीच्या भागापुरती वेगळी सूट मागावी लागते.

पैशाचा पेच याहून अवघड आहे. राज्याने स्थानिक संस्थेवर नवे काम लादले तर खर्च राज्याने भरून द्यावा, अशी तरतूद १९७९ च्या मतदानाने तिथल्या राज्यघटनेत आलेली आहे. पण जे काम संस्था शुल्क लावून भागवू शकते, त्याची भरपाई मिळत नाही. कचऱ्याचे शुल्क लावता येते, म्हणून भरपाई नाही, असे २०१६ च्या कायद्यातच लिहिलेले आहे. दुसरीकडे १९९६ च्या घटनादुरुस्तीने असे शुल्क वाढवण्यापूर्वी प्रत्येक मालमत्ताधारकाला नोटीस द्यावी लागते आणि निम्म्याहून अधिकांनी लेखी हरकत घेतली तर वाढ बारगळते. म्हणजे वाढवायचा अधिकार कागदावर आहे, पण तो मोडण्याचा अधिकार लोकांच्या हातात. काही पाटबंधारे संस्थांनी पाण्याच्या अशाच कामासाठी भरपाई मागितली, तेव्हा २०१९ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की, हरकतींची शक्यता असली तरी शुल्क लावण्याचा अधिकार संपत नाही, सबब भरपाई नाही. मला हा निकाल कायद्याला धरून वाटतो, पण व्यवहाराला धरून वाटत नाही. राज्याच्याच लिटल हूवर कमिशनने २०२३ साली या कायद्याची अंमलबजावणी काही काळ थांबवावी, अशी शिफारस केली होती.

आणखी एक कलम आपल्या कामाचे आहे. कचरा वेगळा करून भागत नाही. त्यापासून झालेला माल माणशी वर्षाला ०.०८ टन ओल्या कचऱ्याच्या हिशेबाने शहरांनी आणि काउंट्यांनी विकतही घ्यायचा. खत घेतले तर ते माणशी सुमारे ४२ किलो होते. एवढे खत बागबगीच्यात कुठे जिरणार? ते शेतावरच जायला हवे. ते शेतकऱ्यांना फुकट वाटले तरी हिशेबात धरतात.

पण शेतकरी फुकटचेही घेईलच असे नाही. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने बाजारच्या गावातून खताच्या दोन ट्रॉल्या आणल्या. मी बांधावर गेलो तेव्हा त्याची बायको आणि सून सरीतून काचेचे तुकडे आणि दुधाच्या पिशव्या वेचत होत्या. "साहेब, खत आणलं का कचरा?" असे त्या माउलीने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

ओला कचरा घरातच वेगळा झाला नाही तर पुढे कोणतीही चाळणी पुरी पडत नाही. कुजवण्याचे शास्त्र तसे जुनेच आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला ते बसवले. आपल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप टाकी तर अनेकांच्या शेतात आहे. अमेरिकेत लांब ढीग घालून आतली उष्णता ५५ अंश सेल्सिअसवर निदान १५ दिवस राखतात आणि त्या काळात पाच वेळा ढीग पालटतात. त्याने रोगजंतू मरतात, तणाचे बी बहुतांशी मरते. काच आणि प्लास्टिक मात्र तसेच राहते.

तेव्हा बाजारच्या गावाचे खत कोणी देऊ केले तर ट्रॉली भरण्याआधी ढिगाच्या पोटातले घमेलेभर काढून बादलीतल्या पाण्यात ढवळा. प्लास्टिकचे कपटे बहुधा वर तरंगतात, काच आणि खडे तळाशी बसतात. हाताला ऊब लागली किंवा आंबट वास आला तर ते खत अजून कुजायचे आहे. आणखी महिनाभर थांबा.